स्ट्रोकनंतर बाबांना डिस्चार्ज देतायत. थेट घरी आणायचं की रिहॅब सेंटरला न्यायचं? (परळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही)

गॅलरीतली_खोली

बाबा, वय ६८. मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून तो भाग निकामी झालाय). उजवा हात-पाय लुळा, बोलणं जवळपास बंद, पण आपलं थोडंफार कळतं असं वाटतं. राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड, लघवीला कॅथेटर (नळी). आयसीयूतून वॉर्डात आलेत आणि आता डॉक्टर म्हणतात, "मेडिकली स्टेबल आहेत, तीन-चार दिवसांत घरी न्या."

घर चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या टोकाला. आई ६३ वर्षांची, तिला शुगर आणि गुडघेदुखी. मी आणि भाऊ दोघंही नोकरीला. मेडिक्लेम बराचसा संपलाय.

विचारायचंय ते असं. घरी आणणं शहाणपणाचं आहे का? नर्स लागेल की ब्युरोची मावशी पुरेल? नळी कधी निघते? एक डॉक्टर पोटातून नळी (पेग) घालायचं म्हणतात, तर आत्या म्हणते ती घातली म्हणजे संपलंच सगळं. कोणाचं ऐकायचं?

---

फिजिओ_दादर

"मेडिकली स्टेबल" याचा अर्थ वॉर्डात द्यायचे उपचार आटोपले, एवढाच. घरच्यांना पेशंट सांभाळता येईल असं त्यात कोणी म्हटलेलं नाही. त्यामुळे तारखेवरून वाद घालू नका, डॉक्टरांना आणि तिथल्या फिजिओला नेमके प्रश्न विचारा. आधार न देता पलंगाच्या कडेला किती वेळ बसू शकतात? पलंगावरून खुर्चीत न्यायला किती माणसं लागतात? सलग किती मिनिटं व्यायामात साथ देतात? बार्थेल स्कोअर किती? (० ते १००, रोजची कामं स्वतः किती जमतात याचा आकडा. तो डिस्चार्ज समरीत लिहून घ्या, महिन्याने तुलना करायला तोच कामी येतो.)

खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत असतील आणि दिवसा घरात एकट्या आईच असतील, तर या घडीला घर हा पर्यायच नाही. यात माया कमी की जास्त हा प्रश्न येत नाही. आईंची कंबर गेली तर दोन पेशंट होतील.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यांत जास्त असतो. त्यानंतर तो मंदावतो, थांबत नाही. म्हणून खर्च करायचाच तर या काळात करा. परदेशात भरती करून रिहॅब देताना दिवसाला तीन तास थेरपी हा मापदंड धरतात, त्यात फिजिओ, ऑक्युपेशनल (रोजची कामं पुन्हा शिकवणारी) आणि स्पीच तिन्ही आलं. घरी येणारा फिजिओ पाऊण तास देऊन जातो आणि उरलेला दिवस पेशंट छताकडे बघत पडून राहतो. फरक त्या उरलेल्या दिवसात आहे.

सेंटर बघायला जाल तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा. सकाळी अकराच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी न सांगता जा. त्या वेळी पेशंट जिममध्ये, खुर्चीत दिसतात की पलंगावर? रात्री किती पेशंटमागे एक नर्स? फिजिकल मेडिसिनचा डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो? दर आठवड्याचं उद्दिष्ट लिहून देतात का? "रोज फिजिओ" म्हणजे किती मिनिटं आणि एका वेळी किती पेशंट? यावर नीट उत्तर मिळालं नाही तर तो महागडा वृद्धाश्रम समजा.

हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था आहे, १९५५ पासूनची. फिजिओ, ऑक्युपेशनल, स्प्लिंट आणि कॅलिपरची (हातापायाला बांधायच्या आधारांची) कार्यशाळा, सगळं एका आवारात. भरतीच्या खाटा मोजक्याच असल्याने ऐन वेळी जागा मिळेल असं धरून चालू नका, पण ओपीडीत आत्ताच समरी दाखवून ठेवा.

आणि आजपासूनची एक गोष्ट: लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. स्नायू सैल पडलेले असतात, खांदा सांध्यातून खाली उतरतो, आणि ते दुखणं पुढे हाताच्या सगळ्या व्यायामात आडवं येतं. वॉर्डातल्या मामांनाही हे दर शिफ्टला सांगावं लागतं. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, म्हणजे बाबांच्या डावीकडे, पलंगाला तिरकी लावायची. ब्रेक लावायचे, खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. पाय खाली सोडून काही मिनिटं बसू द्यायचं, कारण एकदम उठवलं की बीपी उतरतो. मग कमरेला पट्टा बांधून त्या पट्ट्याला धरायचं आणि तुमच्या गुडघ्याने त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकण द्यायचं. हे वाचून जमत नाही. डिस्चार्जच्या आधी फिजिओसमोर तुम्ही, भाऊ आणि जी मावशी ठेवाल ती, तिघांनी प्रत्यक्ष करून दाखवायचं.

---

सिस्टर_नाइट_ड्यूटी

नर्स की मावशी, याचं उत्तर नळ्यांवर आहे. सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढणं), ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्यातून घातलेली नळी), इंजेक्शनं, खोल जखमेचं ड्रेसिंग असेल तर नर्स. नुसती राईल्स ट्यूब आणि कॅथेटर असेल तर शिकवलेली मावशी किंवा मामा चालतो. "शिकवलेली" हा शब्द महत्त्वाचा, कारण ब्युरोवाले सगळ्यांनाच ट्रेण्ड म्हणतात. हॉस्पिटल सोडायच्या आदल्या दिवशीच तिला वॉर्डात बोलवा आणि सिस्टरसमोर दोन फीड द्यायला लावा. हात कसा चालतो ते लगेच कळतं. ब्युरोशी बोलताना बदली माणूस किती तासांत देणार, सुट्टीच्या दिवशी काय, अनामत परत कधी, हे लेखी घ्या. चोवीस तासांची बाई चोवीस तास जागी राहू शकत नाही. रात्रीची पाळी तुमच्यापैकी कोणाची, ते आधी ठरवा.

फीडबद्दल. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, फीड चालू असताना आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास. नाकपुडीपाशी नळीवर न पुसणाऱ्या पेनने खूण करून ठेवा. प्रत्येक फीडआधी खूण जागच्या जागी आहे का बघायचं. सरकली असेल, पेशंट खोकत असेल, तर फीड द्यायचं नाही, सिस्टरला बोलवायचं. ५० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढून, वर धरून आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्याने रेटलं की उलटी, आणि उलटी फुप्फुसात गेली की न्यूमोनिया. साधारण २०० ते २५० मिली, दोन-तीन तासांनी, आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नळी निघून आली तर घरच्यांनी परत घालायची नाही. ती श्वासनळीत गेली तरी अशा पेशंटला खोकला येईलच असं नाही.

घरच्या फीडमध्ये सगळ्यात मोठी गफलत म्हणजे डाळीचं पाणी, भाताची पेज, फळांचा रस. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. महिन्याभरात दंड-मांड्या सुकतात आणि मग फिजिओला काम करायला स्नायूच उरत नाही. ६० किलोच्या माणसाला ढोबळमानाने १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ७० ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर आकडे बदलतात, म्हणून आहारतज्ज्ञाकडून वेळ आणि मिलीसकट तक्ता लिहून घ्या. मिक्सरमधून काढून गाळलेलं फीड मुंबईच्या उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमधलं चोवीस तासांनंतर टाकून द्या.

गोळ्या. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, पाण्यात विरघळवून वेगळी द्यायची, मध्ये थोडं पाणी. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असेल ती गोळी कुटायचीच नाही. कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो किंवा औषध वाया जातं. पॅन्टोप्राझोलची गोळी अशीच आवरणवाली असते आणि घरोघरी बिनदिक्कत कुटली जाते. समरीतल्या प्रत्येक गोळीसमोर "नळीतून चालते का" हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड आणला म्हणून यातून सुटका नाही. माकडहाड, टाचा, कमरेची हाडं रोज उजेडात बघा. लाल डागावर बोट दाबून सोडलं आणि तो पांढरा न पडता लालच राहिला, तर तिथे जखमेची सुरुवात झाली आहे. तिथे चोळायचं नाही, पावडर थापायची नाही, मधे भोक असलेली गोल उशी तर अजिबात नाही. तिने कडेचा रक्तपुरवठा तुटतो. त्या बाजूवर झोपवणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचं.

कॅथेटर कशासाठी ठेवलाय ते विचारा. पुष्कळदा आयसीयूत घातला म्हणून तसाच राहिलेला असतो. काढून लघवी होते का हे वॉर्डातच बघून घेता आलं तर उत्तम. पुरुषांना बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटरही असतो. ठेवायचाच असेल तर पिशवी कायम कमरेखाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही.

---

स्पीचवाली

पेगबद्दल आत्याबाईंना सांगा की गिळायला लागलं की ती नळी काढून टाकतात. नाकातली नळी हा थोड्या दिवसांचा उपाय आहे. चार आठवड्यांच्या पुढे नळी लागणार असं दिसत असेल तेव्हा पेगचा विचार करतात. नाक-घसा मोकळा राहतो, नळी उपसली जायची भीती कमी, आणि गिळण्याचे व्यायामही सोपे जातात. मात्र दुर्बिणीतून करायची ती छोटी शस्त्रक्रियाच आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं हे न्यूरो आणि गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

त्याआधी गिळण्याची तपासणी झालीय का? झाली नसेल तर डिस्चार्जआधी हट्टाने करून घ्या. खोकला आला नाही म्हणजे नीट गिळलं, हा समज घातक आहे. आवाज न करता श्वासनळीत जाणारं फार असतं. त्याची चिन्हं: पाणी दिल्यावर आवाज ओला, घरघरता होणं, संध्याकाळी ताप, श्वास जलद. शंका असेल तर एक्स-रेखाली गिळताना बघायची तपासणी असते. चहा, शहाळ्याचं पाणी, साधं पाणी हे पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचे. घट्ट केलेलं त्या मानाने सांभाळता येतं, पण किती घट्ट हेही तपासूनच ठरवायचं. भेटायला येणारे शहाळं आणणारच आणि "दोन थेंब तीर्थ" देणारच. पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात पाटी लावा: तोंडाने काहीही देऊ नये. तोंड मात्र दिवसातून दोन-तीनदा साफ करायचं. खात नाहीत म्हणून तोंड स्वच्छ असतं असं नाही, आणि तीच घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरते.

बोलण्याचं. हा अफेजिया आहे. शब्द अडतात, अक्कल जात नाही. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि उत्तराला दहा-पंधरा सेकंद थांबा. हो म्हणायचं असताना नाही निघतं, म्हणून तोच प्रश्न उलटा विचारून खात्री करा: "पाय दुखतोय?" आणि मग "पाय ठीक आहे?" अंगठा वर-खाली चालतो. घरातली माणसं, पाणी, कूस बदल, दुखतंय, संडास असे फोटो मोबाइलवर न ठेवता छापून एका पुठ्ठ्यावर चिकटवा. पाठ असलेली आरती, एक ते दहा आकडे, वारांची नावं बऱ्याच जणांना जमतात, कारण सवयीचं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. सुरुवात तिथून करा, पण आरती म्हणता आली म्हणजे आता सगळं बोलतील, असं धरू नका. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे स्पीच थेरपी मिळते.

---

गॅलरीतली_खोली

फार उपयोगी पडतंय. खुर्चीत न्यायला आत्ता दोन माणसं लागतात, आजच विचारलं. गिळण्याची तपासणी झालेली नाही, उद्याची सांगितलीय. आता खर्चाचं आणि चाळीचं कोणी सांगेल का? आणि भावाला कोणीतरी स्टेम सेलचं पॅकेज सुचवलंय.

---

समाजसेवा_विभाग

स्टेम सेल आधी निकालात काढते. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्ट्रोकसाठी ते फक्त मान्यताप्राप्त संशोधन चाचणीत देता येतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पॅकेज आणि दर सांगितला म्हणजे तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मेडिक्लेम. पॉलिसीत "पोस्ट हॉस्पिटलायझेशन" शोधा, बहुतेक ठिकाणी ६० किंवा ९० दिवस असतात. शिल्लक रक्कम असेल तर त्या मुदतीतली औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओ त्यात बसू शकते, पण समरीत "घरी रोज फिजिओथेरपी, इतके आठवडे" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. "फिजिओ करावी" एवढ्यावर टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणारा) शंका काढतो. फिजिओकडून नोंदणी क्रमांकासह बिल घ्या, वहीच्या पानावरची पावती चालत नाही. मावशीचा पगार, डायपर, भाड्याचा पलंग सहसा मिळत नाही. नुसत्या रिहॅबसाठी सेंटरमध्ये भरती पॉलिसीत बसते का, हे टीपीएकडून ईमेलवर घ्या. फोनवरच्या "हो मॅडम"ला किंमत नाही. डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा आयआरडीएआयचा (विमा नियामक) २०२४ चा नियम आहे. बिलिंग काउंटरवर त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ती ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजांवर चालते. महिनोन्महिने सांभाळ करण्याचा खर्च तिच्यात बसत नाही. तरी रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, पुढे काही प्रोसिजर लागली तर माहीत असलेलं बरं. ट्रस्टच्या हॉस्पिटलांत धर्मादाय योजनेखाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार, तहसीलदाराचा दाखला लागतो. घरात दोन पगार आहेत म्हणता, म्हणजे बहुधा बसणार नाही. तरी विचारण्याआधीच नाही समजू नका.

निघण्याआधी कागद: समरी, एमआरआय आणि सीटीची सीडी (फक्त रिपोर्ट पुरत नाही), रक्ताचे रिपोर्ट, औषधांचा तक्ता. केस पेपरची नक्कल मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते, अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.

---

चाळकरी_२

वरच्या मंडळींनी सेंटर म्हटलंय, ते दोन माणसं लागतात तोपर्यंत ठीकच. पण तीन महिने सेंटरला ठेवून शेवटी तिसऱ्या मजल्यावरच आणायचं असेल, तर प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. माझं मत: चार-सहा आठवडे सेंटर, आणि तेवढ्या वेळात तळमजल्याची किंवा लिफ्टवाली खोली अकरा महिन्यांच्या करारावर बघा. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणारा पेशंट ओपीडीला जातच नाही. प्रत्येक फेरीला चार माणसं आणि स्ट्रेचर खुर्ची लागते, मग फेऱ्या आपोआप बंद पडतात.

तरी घरीच आणायचं ठरलं तर आधी टेप घेऊन मापं घ्या. हॉस्पिटलचा पलंग साडेसहा बाय तीन फुटांच्या आसपास, आणि माणसाला दोन्ही बाजूंनी हात घालता यायला हवा, निदान एका बाजूला अडीच फूट मोकळं. साधी व्हीलचेअर दोन ते सव्वादोन फूट रुंद असते. जुन्या चाळीत दाराला उंबरठा असतो आणि जिन्याच्या वळणावर सरळ स्ट्रेचर फिरत नाही. ॲम्ब्युलन्स सांगतानाच "तिसरा मजला, लिफ्ट नाही, खुर्चीवाला स्ट्रेचर आणि माणसं हवीत" हे सांगा, नाहीतर ते खाली गेटवर सोडून जातात. व्हीलचेअर हात निघणारी घ्या, सरकवून बसवता येतं. संडासासाठी भांड्याची कमोड खुर्ची पलंगाशेजारी. पलंग आणि खुर्ची भाड्याने मिळतात, परळमध्ये हॉस्पिटलांच्या आसपास बरीच दुकानं आहेत. पहिल्या महिन्यात विकत काहीच घेऊ नका, गरज बदलत जाते. भाड्याचा एअर बेड मात्र रात्रभर चालवून, हवा टिकते का बघूनच ताब्यात घ्या.

---

गॅलरीतली_खोली

तळमजल्याचा विचार सुचलाच नव्हता. शेवटचं एक. बाबांचं पेन्शन त्यांच्या एकट्याच्या खात्यात येतं आणि ते सही करू शकत नाहीत. ओळखीचे एक वकील म्हणतात, अंगठा घेऊन मुखत्यारपत्र करून टाका.

---

समाजसेवा_विभाग

घाई करू नका. मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय ते समजत असलं पाहिजे. समजत नसताना घेतलेला अंगठा उद्या तुमच्याच अंगाशी येतो. त्यामुळे आधी न्यूरोलॉजिस्टकडून लिहून घ्या की त्यांना कितपत समजतं. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे, आणि स्पीचवाल्या ताईंनी सांगितलेली उलट प्रश्नाची पद्धत इथेही लागते.

समजत असेल तर मुखत्यारपत्राशिवायही मार्ग आहे. आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेने पद्धत ठरवून दिलीय: बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर अंगठा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उमटवता येत नसेल तर त्याच साक्षीदारांसमोर खूण चालते, आणि पैसे कोणी घ्यायचे ते खातेदाराने दाखवायचं. शाखाधिकाऱ्यांना डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज द्या आणि अधिकारी घरी किंवा सेंटरला पाठवायची विनंती त्यातच करा. आईचं नाव खात्यात जोडायचं असेल तर त्याच भेटीत विचारा. काहीच समजत नसेल तर मात्र कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून वकील लवकर गाठा.

हयातीच्या दाखल्याची तारीखही बघून ठेवा. नोव्हेंबरात तो राहिला की पेन्शन अडकतं.